लेवीचं कूळ प्रयोगशाळेत ठरत नाही

गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, नळीत बंद करून पाठवायची आणि काही आठवड्यांनी ‘तुमच्या पितृवंशात प्राचीन याजकांची खूण आढळते’ असा अहवाल हातात घ्यायचा, हे आता पैसे मोजले की होतं. ज्यू समाजात अशा चाचण्यांना खास गिऱ्हाईक आहे, कारण इस्राएलच्या बारा कुळांपैकी एकाच कुळाची ओळख आजही रोजच्या आचारात वापरली जाते. रऊबेन, गाद, आशेर, नफ्ताली ही नावं हिब्रू बायबल या ग्रंथात उरली. लेवीला मात्र आजही सभास्थानात नावानं पुकारतात. त्याच कुळातल्या अहरोनाचा, म्हणजे मोशेच्या भावाचा आणि पहिल्या याजकाचा, वंशज म्हणजे कोहेन. तो आजही घटस्फोटितेशी लग्न करू शकत नाही आणि स्मशानात पाऊल टाकू शकत नाही. तेव्हा ‘मी लेवी की नाही’ हा प्रश्न नुसत्या हौसेचा राहत नाही. त्यावर लग्नं अडतात आणि मोडतातही.

हा निवाडा प्रयोगशाळेवर सोपवावा असं आता बऱ्याच जणांना वाटू लागलं आहे. विज्ञान आहे, खोटं बोलत नाही, मग कशाला हवेत आजोबांचे दाखले? हे म्हणणं पटण्यासारखं वाटतं, पण ते चूक आहे. लेवी हे कूळ नेमून दिलेल्या कामावर उभं राहिलं आणि त्या कामाच्या साक्षीवरच टिकलं. त्याचा स्वतःचा कायदा ज्या गोष्टी विचारतो त्यांतली एकही वाय-गुणसूत्रावर लिहिलेली नसते.

परंपरेतली उत्पत्तीची कथा सरळ आहे. लेवी हा याकोब आणि लेआ यांचा तिसरा मुलगा. बहीण दीना हिच्या अब्रूचा सूड म्हणून त्यानं आणि शिमोनानं शेखेम नगरातले सगळे पुरुष कापून काढले. मरणाच्या दारात असलेल्या बापानं या दोघांना आशीर्वादाऐवजी शाप दिला: यांना इस्राएलात पांगवून टाकीन. शिमोनाचं कूळ पुढे यहूदात विरघळून गेलं. लेवीचंही पांगणं झालंच, पण निराळ्या वाटेनं. सोन्याच्या वासराच्या प्रसंगी मोशेनं ‘परमेश्वराच्या बाजूचा कोण?’ म्हणून हाक दिली तेव्हा लेवी पुढे आले आणि त्यांनी त्या दिवशी आपल्याच लोकांतली तीन हजार माणसं मारली. तिथून पुढे पवित्रस्थानाची चाकरी त्यांच्या वाट्याला आली, आणि वतनाची जमीन मात्र मिळाली नाही.

ग्रंथ बारकाईनं वाचला की या सरळ कथेचे सांधे दिसू लागतात. शास्त्यांच्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात यहूदातल्या बेथलेहेमचा एक तरुण भेटतो. तो ‘यहूदाच्या घराण्यातला’ आहे आणि त्याच वाक्यात ‘लेवी’ही आहे. पोटापाण्याच्या शोधात फिरत तो एफ्राइमच्या डोंगराळ मुलखात मीखा नावाच्या गृहस्थाकडे पोचतो. वर्षाला दहा शेकेल चांदी, एक पोशाख आणि जेवण एवढ्यावर त्याच्या घरचा याजक म्हणून राहतो. मीखानं आधी स्वतःच्या मुलालाच याजक नेमलेलं असतं. लेवी मिळाल्यावर त्याला हायसं वाटतं. पुढे दानाच्या कुळाचे लोक येतात आणि ‘एका घरापेक्षा अख्ख्या कुळाचा याजक होणं बरं नाही का?’ असं विचारतात. हा गडी आनंदानं मूर्ती उचलून त्यांच्याबरोबर निघतो. इथे लेवीपण एखाद्या कसबासारखं दिसतं. ज्याला ते येतं त्याला मागणी आहे आणि तो जादा मोबदल्यावर जागा बदलतो.

शमुवेलाचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. त्याच्या नावाच्या पहिल्या ग्रंथात त्याचा बाप एल्काना एफ्राइमी म्हणून येतो. आईनं मुलाला शिलो इथल्या मंदिरात वाहिलं, तिथं तो एली याजकाच्या हाताखाली वाढला, त्यानं सेवा केली. शेकडो वर्षांनी लिहिलेल्या, ‘इतिहास’ याच नावाच्या बायबलमधल्या ग्रंथात पाहावं तर हाच शमुवेल लेवीच्या मुलाच्या, कहाथाच्या, वंशावळीत नीट बसवलेला आहे. काम आधी आलं आणि पूर्वज मागून आले. याजक कोण, यावरही ग्रंथांचं एकमत नाही. बायबलमधलं ‘अनुवाद’ नावाचं पुस्तक ‘लेवी याजक’ असं सरसकट म्हणतं. ‘गणना’ या पुस्तकात याजकपण फक्त अहरोनाच्या वंशाला आहे आणि बाकीचे लेवी त्यांचे मदतनीस आहेत. यहेज्केल आणखी गाळणी लावून फक्त सादोकाच्या मुलांना वेदीजवळ येऊ देतो. कोरह हा स्वतः कहाथाच्या घराण्यातला लेवी. ‘सगळीच मंडळी पवित्र आहे, मग तुम्हीच वर का?’ असं त्यानं मोशे आणि अहरोन यांना विचारलं आणि जमिनीनं त्याला गिळलं. हक्काचं भांडण चालू नसतं तर अशी कथा जपून ठेवायची गरज पडली नसती.

म्हणूनच लेवी हे मुळात सेवेकऱ्यांचं नाव असावं आणि वंशावळ त्यावर मागाहून बसली असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. काहींच्या मते इजिप्तमधून बाहेर पडलेला मूळ गट हाच. मोशे, पीनहास, हफनी अशी इजिप्शियन वळणाची नावं याच कुळात सापडतात, हा त्यांचा एक पुरावा. या वादात कुठेही उभं राहिलं तरी पुढच्या मुद्द्याला धक्का लागत नाही. आपल्याकडे कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही नावं ऐकून कुणी त्या सगळ्यांचा एकच मूळपुरुष शोधत नाही. ते हुद्दे होते, मग वतनं झाली, मग आडनावं झाली, आणि म्हणून ती खोटी ठरत नाहीत. लेवीचं तसंच समजावं.

आता ते काम काय होतं ते पाहू, कारण सगळा जोर तिथे आहे. गणनेच्या तिसऱ्या आणि चौथ्या अध्यायात एखाद्या तळाच्या हजेरीपटासारखी नोंद आहे. लेवीच्या तीन मुलांची तीन घराणी: गेर्शोन, कहाथ, मरारी. एक महिन्यावरचे पुरुष अनुक्रमे ७,५००, ८,६०० आणि ६,२००. बेरीज २२,३०० येते, ग्रंथ मात्र २२,००० सांगतो. जास्तीचे ३०० हे लेवींमधलेच प्रथमपुत्र, म्हणून ते बदलीत धरले नाहीत, अशी सोडवणूक तालमुदानं, म्हणजे ज्यू कायद्यावरच्या चर्चांच्या ग्रंथानं, केली आहे. बदली कशाची? इस्राएलच्या प्रत्येक घरातला पहिला मुलगा देवाचा. त्याच्याऐवजी देवानं लेवी घेतले. प्रथमपुत्र भरले २२,२७३. वरच्या २७३ जणांचे माणशी ५ शेकेल याप्रमाणे १,३६५ शेकेल भरून हिशेब मिटवला. चाकरीला लागणारे पुरुष तीस ते पन्नास वयाचे, एकूण ८,५८०.

निवासमंडप म्हणजे उचलून न्यायचं मंदिर. गेर्शोनांकडे कापड: पडदे, छत, दोऱ्या. मरारींकडे जड सामान: फळ्या, अडसर, खांब, उथळ्या, मेखा. गेर्शोनांना २ गाड्या आणि ४ बैल मिळाले, मरारींना ४ गाड्या आणि ८ बैल. कहाथांना एकही गाडी नाही. त्यांच्याकडे कराराचा कोश (देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्यांची पेटी), मेज, दीपवृक्ष आणि वेद्या होत्या, आणि हे सगळं दांड्यांना लावून खांद्यावरून न्यायचं होतं. त्यातही मुक्काम हलताना कहाथांनी आधी आत यायचं नाही. अहरोन आणि त्याचे मुलगे आत जाणार, पडदा उतरवून कोशावर टाकणार, त्यावर कातडं, त्यावर निळं वस्त्र, मग दांडे घालणार. मेजावर आधी निळं, मग किरमिजी, मग कातडं. सगळं झाकून झाल्यावर कहाथ येणार आणि उचलणार. उघड्या वस्तूला हात लावला किंवा डोळ्यानं पाहिली तरी मरण. हा क्रम मोडला की काय होतं त्याचा दाखला दावीदाच्या काळचा आहे. कोश नव्या गाडीवर घालून निघाले, बैल ठेचाळले, उज्जानं तोल सावरायला हात लावला आणि तो जागीच गेला. तीन महिन्यांनी दावीदानं दुसरा प्रयत्न केला. इतिहासाचा ग्रंथ सांगतो की या वेळी त्यानं आधीच बजावलं, कोश लेवींशिवाय कुणी वाहायचा नाही. आणि तो दांड्यांवरून खांद्यावर गेला.

मंदिर यरुशलेमात स्थिरावल्यावर वाहायचं काही राहिलं नाही. दावीदाच्या नावावर सांगितलेली नवी वाटणी इतिहासाच्या ग्रंथात आहे: ३८,००० लेवींपैकी २४,००० मंदिराच्या कामावर, ६,००० अंमलदार आणि न्यायाधीश, ४,००० द्वारपाळ, ४,००० वादक. आकडे फुगवलेले असतील, पण कामाचं स्वरूप पुढे मिश्ना या जुन्या ज्यू कायदेसंग्रहामध्ये इतक्या तपशिलात येतं की ते डोळ्यांसमोर उभं राहतं. रात्री मंदिराचा पहारा २४ ठिकाणी: ३ कोहेनांचे, २१ लेवींचे. मंदिरटेकडीचा अधिकारी पुढे मशाली घेऊन फेरी मारायचा. जो पहारेकरी उठून त्याला ‘शांती असो’ म्हणाला नाही तो झोपला आहे असं समजायचं, काठीनं हाणायचं, आणि त्याचं वस्त्र पेटवून द्यायची मुभा होती. अंगणात आरडाओरडा ऐकू आला की लोक म्हणायचे, कुणीतरी लेवी मार खातोय, पहाऱ्यावर झोपला होता. गायनासाठी चौथऱ्यावर बाराच्या खाली लेवी चालत नसत, वर कितीही. मोठ्या वीणा दोन ते सहा, लहान वीणा नऊपासून पुढे, झांज मात्र एकच. वारांची स्तोत्रं ठरलेली होती: रविवारी २४वं, सोमवारी ४८वं, मंगळवारी ८२वं, बुधवारी ९४वं, गुरुवारी ८१वं, शुक्रवारी ९३वं, शब्बाथाला ९२वं. मंदिर इ.स. ७० मध्ये रोमनांनी जाळलं, पण हा क्रम ज्यू प्रार्थनेत आजही चालू आहे.

आणि मोबदला? इतर कुळांनी पिकाचा दशांश लेवींना द्यायचा, लेवींनी त्याचा दशांश कोहेनांना. राहायला ४८ नगरं, कहाथांना २३, गेर्शोनांना १३, मरारींना १२, भोवती गुरांसाठी कुरण. यांतली सहा शरणपुरं, म्हणजे हातून चुकून खून झालेल्यानं सूड घेणाऱ्यापासून पळून जिथे आसरा घ्यायचा ती गावं: हेब्रोन, शेखेम, केदेश, बेसेर, रामोथ, गोलान. कागदावर व्यवस्था चोख होती. अडचण अशी की दशांश हा देणाऱ्याच्या मर्जीवर होता, वसूल करणारा कुणी नव्हता. यरुशलेमचा कारभार पाहणारा नहेम्या परत येऊन पाहतो तर लेवींना वाटा मिळालेला नाही आणि गायक, सेवेकरी सगळे आपापल्या शेतावर पळाले आहेत. (कायद्यानं जमीन नसलेल्या माणसांची शेतं होती, हेही त्यातून कळतं.)

बाबिलोनच्या बंदिवासातून परत येतानाचे आकडे याहून झोंबणारे आहेत. पहिल्या तुकडीत कोहेन ४,२८९ आणि लेवी ७४. पुढे नंतरच्या तुकडीचा पुढारी एज्रा यानं अहवा नदीकाठी आपल्या लोकांची मोजदाद केली तर लेवी एकही नाही. माणसं पाठवून, विनवण्या करून ३८ जण आणले. परक्या मुलखात जम बसला होता. यरुशलेमात जाऊन दुय्यम चाकरी आणि बेभरवशाचा दशांश कुणाला हवा? तालमुदात म्हटलं आहे की याच कसुरीसाठी एज्रानं लेवींचा दशांश काढून कोहेनांना दिला. रक्तानं लेवी असणारे बाबिलोनात ढिगानं असतील. हक्क गेला तो कामावर न आल्यामुळे.

याच परतीच्या वेळी आजचा वाद जसाच्या तसा एकदा होऊन गेला आहे. हबाया, हक्कोस आणि बर्जिल्लय या तीन घराण्यांनी आम्ही याजक असा दावा केला, पण त्यांची नावं वंशावळीच्या नोंदींत सापडली नाहीत. प्रांताधिकाऱ्यानं त्यांना हाकललंही नाही आणि सामावूनही घेतलं नाही. उरीम व थुम्मीम (देवाचा कौल घ्यायची साधनं) धारण करणारा याजक उभा राहीपर्यंत परमपवित्र अन्न खाऊ नका, एवढंच सांगितलं. म्हणजे थांबा. पुढे नहेम्याच्या काळात हक्कोसाच्या घराण्यातला मरेमोथ यरुशलेमच्या तटाचा भाग बांधताना दिसतो, आणि उरीयाचा मुलगा मरेमोथ याजक म्हणून मंदिराची चांदी तोलून घेतो. माणूस एकच असेल, आणि तसं मानायला जागा आहे, तर निदान एका घराण्याची शंका मिटली होती. ती चमत्कारानं मिटल्याची नोंद नाही.

बंदिवासानंतर उभारलेल्या दुसऱ्या मंदिराच्या काळात ही छाननी फार कडक झाली. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार योसेफस सांगतो की इजिप्त आणि बाबिलोनमध्ये राहणारे याजकसुद्धा लग्न ठरलं की वधूच्या बापाचं आणि पूर्वजांचं नाव साक्षीदारांसह यरुशलेमला पाठवत. मिश्नाप्रमाणे न्यायसभा घडीव दगडांच्या दालनात बसून कोहेनांची पात्रता तपासत असे. ज्याच्यात दोष निघाला तो काळी वस्त्रं घालून, काळं पांघरून निघून जाई. ज्याच्यात निघाला नाही तो पांढरी घालून आत सेवेला लागे. त्याच मिश्नामध्ये एक मर्यादाही आहे, आणि आजच्या वादात तिचं नाव फारसं निघत नाही. कोहेनाच्या मुलीशी सोयरीक करताना आईकडच्या पिढ्या तपासत मागे जायचं, पण मागे जाताना एखादा पूर्वज वेदीवर सेवा करणारा किंवा चौथऱ्यावर गाणारा सापडला की तिथेच थांबायचं. त्याच्या वर चौकशी नाही. ज्यानं काम केलं त्याची तपासणी कामाला लावतानाच झाली, असं कायदा धरून चालतो.

आज मंदिर नाही, नोंदवह्या जळून गेल्या. आताचा प्रत्येक कोहेन आणि लेवी हा मानीव आहे: बाप सांगतो, समाज तसं वागवतो, लग्नाच्या करारात बापाच्या नावापुढे ‘हाकोहेन’ किंवा ‘हालेवी’ लिहिलेलं असतं, कबरीच्या दगडावर कोहेनाचे दोन पसरलेले पंजे किंवा लेवीची झारी कोरलेली असते. पुराव्याची रास इतकीच, आणि ती पुरते, कारण तिच्यामागे दर आठवड्याचा वापर आहे. तोरा (मोशेची पाच पुस्तकं) वाचताना पहिला कोहेन, दुसरा लेवी, तिसरा इतर इस्राएली. लेवी हजर नसेल तर तोच कोहेन पुन्हा उभा राहतो. आशीर्वादाच्या वेळी कोहेन जोडे काढतात, लेवी झारीनं त्यांच्या हातांवर मनगटापर्यंत पाणी घालतो, मग कोहेन डोक्यावरून शाल ओढून, बोटं ठरावीक तऱ्हेनं फाकवून, मंडळीकडे तोंड करून तीन ओळी म्हणतात. हिब्रूत पहिलीत ३ शब्द, दुसरीत ५, तिसरीत ७. यरुशलेमजवळ केतेफ हिन्नोम इथे १९७९ साली गॅब्रिएल बार्काय यांच्या उत्खननात चांदीच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या निघाल्या. त्यांवर याच आशीर्वादाचे शब्द कोरलेले आहेत, आणि त्या पहिलं मंदिर उभं असतानाच्या किंवा त्याच्या अखेरच्या काळातल्या मानल्या जातात.

प्रथमपुत्र सोडवण्याचा विधीही चालू आहे. मूल तीस दिवसांचं झालं की एकतिसाव्या दिवशी बापानं कोहेनाला ५ शेकेल चांदी द्यायची, आजच्या वजनानं सुमारे १०० ग्रॅम. नोटा किंवा चेक चालत नाहीत. मूल आईचं पहिलं हवं आणि नैसर्गिक प्रसूतीनं झालेलं हवं; सिझेरियन असेल तर विधी नाही. बाप कोहेन किंवा लेवी असेल तर नाही, आणि आई कोहेनाची किंवा लेवीची मुलगी असेल तरीही नाही.

इथे वाय-गुणसूत्र आणा आणि काय होतं पाहा. ते बापाकडून मुलाकडे जातं, मुलीकडे जातच नाही. लेवीच्या मुलीमुळे तिच्या बाळाचा विधी टळतो, पण तिच्या शरीरात ती खूण असायची सोयच नाही. दुसरं, कोहेनानं घटस्फोटितेशी लग्न केलं तर त्यांचा मुलगा कोहेन राहत नाही, त्याला हिब्रूत हलाल, म्हणजे याजकीला अपात्र ठरलेला, म्हणतात (मांसाच्या ‘हलाल’शी याचा संबंध नाही), आणि त्याच्या मुलग्यांचं आणि नातवांचंही तेच. त्या सगळ्यांचं वाय-गुणसूत्र मात्र पणजोबाचंच, एखाददुसरा किरकोळ बदल सोडला तर. कोहेनाला परधर्मी स्त्रीपासून झालेला मुलगा ज्यू कायद्यानं ज्यूच नाही, मग कोहेन कुठला? पण चाचणीत तो ‘याजक’ म्हणून येणार. घटस्फोट, लग्न, धर्मांतर यांतलं डीएनएला काहीच दिसत नाही, आणि या कुळाचा कायदा विचारतो ते नेमकं हेच.

संशोधनातून जे निघालं ते रंजक आहे यात वाद नाही. १९९७ साली कार्ल स्कोरेकी, मायकेल हॅमर आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की कोहेन म्हणवणाऱ्यांची वाय-गुणसूत्रं इतर ज्यूंपेक्षा वेगळी उठून दिसतात, मग ते पूर्व युरोपातले असोत की भूमध्य समुद्राकाठचे. पुढच्या वर्षी सहा खुणांचा एक साचा ठरला आणि तो जवळजवळ निम्म्या कोहेनांत आढळला. वर्तमानपत्रांनी ‘अहरोनाचा जीन सापडला’ असं करून टाकलं. मग कळलं की तो सहा खुणांचा साचा मध्यपूर्वेतल्या बिगरज्यू लोकांतही सापडतो. २००९ साली बारा खुणांची बारीक चाळणी लावली. ज्या मोठ्या शाखेत तो नवा साचा येतो, त्या शाखेत ४६.१ टक्के कोहेन बसले. म्हणजे निम्म्याहून जास्त बाहेर. चाचणीनं कोहेन ठरवायचे म्हटले तर निम्म्याहून अधिक मंडळींना उद्या सकाळी सभास्थानात सांगावं लागेल की तुमचे जोडे घाला आणि खाली उतरा.

लेवींचं तर गाडं याहून फसलेलं आहे. परंपरेनुसार कोहेन हे लेवीच्याच पुरुषवंशातले, तेव्हा दोघांची खूण एकच असायला हवी. २००३ साली दिसलं की युरोपातल्या अश्केनाझी लेवींपैकी निम्म्याहून अधिक जण आर-वन-ए या वेगळ्याच शाखेत आहेत, जी पूर्व युरोपात सर्रास आढळते. लगेच मध्ययुगात ज्यू धर्म स्वीकारलेल्या तुर्की खझारांपासून ते आले असतील अशा वावड्या उठल्या. २०१३ आणि २०१७ च्या अभ्यासांनी आणखी तपशिलात जाऊन ही उपशाखा मध्यपूर्वेकडचीच असल्याचं दाखवलं. दहा वर्षांत निष्कर्षाची दिशा बदलली. विज्ञानाच्या दृष्टीनं हे अगदी निरोगी लक्षण आहे. मात्र २००३ च्या अहवालावर कुणी आपलं लेवीपण सोडलं असतं, तर २०१३ मध्ये ते कुणाकडे मागायचं होतं? आणि मध्यपूर्वेकडची असली तरी ती शाखा कोहेनांच्या शाखेहून वेगळीच राहते.

शोमरोनी (सॅमॅरिटन) लोकांचं उदाहरण या वादात सगळ्यांत जड आहे. गरिज्जीम डोंगरावर आणि तेल अवीवजवळच्या होलोनमध्ये मिळून हा समाज हजाराच्या आतला. ते स्वतःला एफ्राइम, मनश्शे आणि लेवी या कुळांचे वंशज मानतात. १६२४ साली त्यांच्यातल्या अहरोनाच्या थेट वंशातला शेवटचा महायाजक निपुत्रिक गेला. समाज काय करणार? त्यांनी महायाजकपद लेवीच्याच दुसऱ्या शाखेकडे दिलं आणि वल्हांडणाचा बळी, पंचांग, ग्रंथाची राखण हे सगळं पूर्वीसारखं चालू ठेवलं. २००४ साली त्यांची वाय-गुणसूत्रं तपासली तेव्हा इतर घराणी मध्यपूर्वेतल्या नेहमीच्या जे शाखेत निघाली आणि नेमकं याजकाचं घराणं ई शाखेत. परंपरेच्या हिशेबानं हीच शाखा ज्यू कोहेनांच्या जवळची असायला हवी होती. शोमरोनी समाजानं त्या घराण्याला पदावरून काढलं नाही. काढायचं कारणही नव्हतं. जवळपास चारशे वर्षं ते काम तेच करत आहेत.

डीएनएची बाजू घेणारे एक भावनिक मुद्दा मांडतात: यामुळे विसरलेल्या समाजांना न्याय मिळतो. ते दक्षिण आफ्रिका आणि झिंबाब्वेतल्या लेंबा लोकांचं नाव घेतात, ज्यांच्या बुबा या याजकी घराण्यात तो सहा खुणांचा साचा मोठ्या प्रमाणात सापडला. २०१३ साली बारीक चाळणीनं पुन्हा पाहिलं तेव्हा विस्तारित साचा त्यांच्यात मिळाला नाही. ज्या काडीनं मान दिला तिनंच तो काढून घेतला. लेंबांचं डुक्कर न खाणं आणि सुंता मधल्या वर्षांत बदललेली नव्हती.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांची गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असते ती नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतापर्यंत आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या शनवार तेल्यांपर्यंत. पुढचा भाग इथे जास्त उपयोगी आहे. दावीद राहाबी या बाहेरून आलेल्या ज्यू शिक्षकांना हे लोक शब्बाथ, सुंता आणि ‘शेमा’ची प्रार्थना पाळताना आढळले, मासे खवले आणि पर असलेलेच खाताना आढळले. तेवढ्यावर त्यांनी त्यांना ज्यू मानलं आणि झिराटकर, राजपूरकर, शापूरकर या घराण्यांतल्या तिघांना शिकवून तयार केलं. हे काझी झाले. गावोगाव फिरून विधी करायचे, तंटे सोडवायचे, आणि काम पुढे बापाकडून मुलाकडे जाऊ लागलं. शिकवण आधी आली आणि वारसा नंतर. लेवीच्या बाबतीत तीन हजार वर्षांपूर्वी काय झालं असेल याचा इतका जवळचा नमुना दुसरीकडे शोधायला नको.

याच समाजाला इस्राएलमध्ये १९६२ साली मुख्य रब्बीपीठाच्या (ज्यू धर्मगुरूंच्या सर्वोच्च संस्थेच्या) फर्मानाला तोंड द्यावं लागलं. लग्न लावण्याआधी आईकडच्या पिढ्या शक्य तितक्या मागे जाऊन तपासा, असं ते फर्मान. कारण काय, तर कोकणात घटस्फोटाचे नियम शास्त्राप्रमाणे पाळले गेले नसतील. मिश्नाची ‘इथे थांबा’ ही मर्यादा इथे कुणाला आठवली नाही. लोकांनी यरुशलेमात धरणं धरलं, १९६४ साली इस्राएलच्या संसदेनं त्यांच्या बाजूनं भूमिका घेतली आणि फर्मानातून त्यांचं नाव निघालं. त्यांच्या जनुकांचा मोठा अभ्यास २०१६ साली आला. त्यात मध्यपूर्वेकडचा ज्यू वारसा आणि भारतीय वारसा दोन्ही दिसले. हक्क मिळाला त्याला तोवर अर्धशतक उलटून गेलं होतं.

राहिला लग्नाचा प्रश्न. इस्राएलमध्ये १९५३ च्या कायद्यानं ज्यूंची लग्नं आणि घटस्फोट रब्बी न्यायालयांच्या हाती आहेत, दिवाणी लग्नाची सोय नाही. कोहेन आडनावाच्या तरुणाला घटस्फोटितेशी लग्न करायचं असेल, अगदी स्वतःच्या घटस्फोटित बायकोशी पुन्हा करायचं असेल, तरी देशात ते लागत नाही. जोडपी सायप्रसला जातात. परदेशात झालेलं लग्न नोंदवायलाच हवं असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९६३ साली दिला आहे. अशा एखाद्या तरुणाला वाटू शकतं की चाचणी करून घ्यावी, खूण नाही निघाली तर आपण सुटलो. हेतू चांगला आहे, आणि दयाळू माणसालाही तो मोह पडेल. तरीही ही वाट बंदच ठेवावी. रब्बी न्यायालयांकडे कोहेनपणाची मानीव ओळख सैल करायची जुनी साधनं आहेत: साक्ष किती थेट आहे, बापानं स्वतः पाहिलं की ऐकलं, घराण्यात कुणी कधी आशीर्वादाला उभं राहिलं होतं का. ती उदारपणे वापरावीत, आणि राज्यानं दिवाणी लग्नाची नोंदणी सुरू करावी, म्हणजे ज्याला हे नियम पाळायचे आहेत तोच पाळील. कारण ‘खूण नाही, म्हणून कोहेन नाही’ हे एकदा मान्य केलं की ‘खूण आहे, म्हणून कोहेन आहे’ हेही मान्य करावं लागतं. मग दुसऱ्या एखाद्या गृहस्थाला, ज्याच्या घरात तीन पिढ्यांत कुणी कोहेन असल्याचं म्हटलेलं नाही आणि ज्याची बायको आधीची घटस्फोटित आहे, सहज हौसेनं मागवलेल्या अहवालावरून संसार मोडायला सांगता येईल. आजचा जाणता रब्बी त्याला विचारतो, तुझे वडील काय म्हणत असत? काहीच नाही, असं उत्तर आलं की तो कागद बाजूला सारून त्याला घरी पाठवतो.